वेलीमागची भिंत

माझ्या मामाबरोबर फोनवर काही बघायला बसायचं असेल तर आधी पोटभर जेवून घ्यावं. मामा जाहिरात सोडत नाही. एकही नाही, म्हणजे नाहीच. कोपऱ्यात ‘वगळा’ असं बटण उगवतं, तिकडे मामीचा हात गेला रे गेला की हा तिचं मनगट धरतो.

"थांब गं. त्याचं बोलणं तर संपू दे."

"अहो, संडास धुवायचं औषध विकतोय तो. आणि एवढा ओरडतोय कशाला मेला?"

"पैसे मोजलेत त्यानं. त्याच्या पैशावर आपण फुकट सिनेमा बघतोय. ज्याचं खावं त्याचं थोडं ऐकावं."

मामी कपाळावर हात मारून घेते आणि आम्ही सगळे मुकाट्यानं संडास धुतलेला बघतो.

बरं, नुसता बघत नाही, तपासतो. "अक्षरं बघ कशी कोंबलीत, श्वास घ्यायला जागा नाही." "या बाईच्या हातात डबा उलटा दिलाय." कर्ज हवंय का म्हणून कुठल्याशा मुलीचा फोन आला तर तिचं सगळं ऐकून घेतो, घसा बसलाय का विचारतो, आणि शेवटी म्हणतो, "मला नको आहे बाळा, पण तू छान सांगितलंस." माझी आई म्हणते, याला वेड लागलंय. ती त्याची सख्खी मोठी बहीण, तेव्हा तिला तो हक्क आहे. मला मात्र या वेडाचं भारी कुतूहल होतं. आपल्याला नको असलेली गोष्ट कुणी मन लावून ऐकत असेल तर त्यामागे काहीतरी असणारच ना?

मामानं जन्मभर भिंती रंगवल्या. घराच्या आतल्या नव्हेत, रस्त्यावरच्या. कंपन्यांच्या जाहिराती. तेव्हाची पद्धत अशी होती की कंपनीला रस्त्याकडची भिंत हवी असायची, पण घरमालकाला भाडं मिळायचं नाही. त्याऐवजी अख्खं घर बाहेरून रंगवून मिळायचं. एका भिंतीवर जाहिरात, बाकीच्या भिंती फुकटात नव्याकोऱ्या. कागद नाही, सही नाही. मामानं विचारायचं, मालकानं हो म्हणायचं, झाला व्यवहार. मुदत संपेपर्यंत ती भिंत पुसायची नाही, झाकायची नाही, तिच्यासमोर चादरी वाळत घालायच्या नाहीत. पुढे छापील फ्लेक्स आले, एका दोरीवर टांगून मोकळे, आणि मामाची परांची कायमची खाली उतरली. आता तो दुपारचा माझ्या दुकानात येऊन बसतो.

माझं दुकान फोनदुरुस्तीचं. एक टेबल, एक भिंगाचा दिवा, गिऱ्हाइकाला एक खुर्ची आणि मामाला एक स्टूल. फुटलेल्या काचा, पाण्यात पडलेले फोन हे तर चालतंच, पण आजकाल निम्मे लोक वेगळ्याच कामासाठी येतात. जाहिराती बंद करून हव्या असतात. मी देते करून. मग एक दिवस म्हटलं, या कामाची पाटी लावावी. आता पाटी रंगवायला दुसऱ्या कुणाकडे गेले असते तर मामानं जन्मात तोंड बघितलं नसतं माझं. म्हणून त्यालाच सांगितलं. त्यानं ब्रश खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

"जाहिराती बंद करून मिळतील, याची जाहिरात करू?"

"हो."

"आणि ही तरी लोकांनी बघावी असं वाटतं तुला?"

"मामा, रंगव ना रे गुपचूप."

रंगवली. आणि काय रंगवली! निळ्यावर पिवळी अक्षरं, इतकी देखणी की लोक थांबून वाचतात. आपण जाहिरातींसाठीच खड्डा खणून देतोय हे ठाऊक असूनही त्यानं हातचं राखलं नाही.

आता बेकरीचं सांगते, कारण सगळं अडलं होतं ते तिथे.

माझ्या दुकानापासून पुढच्या चौकात बेकरी आहे. बेकरीवाले काका आणि मामा म्हणजे लहानपणापासूनचे जिवाभावाचे दोस्त. बेकरीची बाजूची भिंत नेमकी चौकाकडे तोंड करून, पुढच्या दाराला लागून. अशी भिंत सगळ्या गावात दुसरी नाही. काका म्हणाले होते, "तुला हवी तेव्हा घे." पण मामा ती राखून होता. टायरवाले आले, बॅटरीवाले आले, सिमेंटवाले आले. "माझ्या मित्राच्या दारात टायर? हॅट!" मग दुधाच्या पावडरीची कंपनी आली. जाहिरातीत एक गुटगुटीत बाळ, खदखदून हसणारं. मामा म्हणाला, हेच. पाव, बिस्किटं, दूध आणि बाळ, याहून शुभ काय असणार? साचा वापरला नाही, हातानं काढलं. मामी सांगते, ते बाळ होईपर्यंत हा जेवायलासुद्धा खाली उतरत नव्हता. बेकरीवाल्या काकू गरम पाव आणि चहा वर परांचीवर पोचवायच्या. बाळ झालं ते असं की रस्त्यानं जाणारी माणसं त्याच्याकडे बघून आपोआप हसायची.

आणि वर्ष फिरायच्या आत त्या भिंतीच्या बुडाशी वेल लागली. साधीसुधी नव्हे, हातभर पानांची, दांडगी. बघता बघता बाळाचे पाय गेले, पोट गेलं, हसू गेलं. कंपनीचा माणूस भिंती तपासायला आला तेव्हा त्याला दिसला बाळाचा एक कान आणि डब्याचं झाकण. त्यानं मामाकडचं सगळ्याच भिंतींचं काम काढून घेतलं. मामा तसाच तरातरा बेकरीत गेला आणि भर गिऱ्हाइकांत ओरडला, "घर रंगवून घेतलंस, शब्द दिलास, आणि वर वेल सोडलीस? बेइमान आहेस तू!"

काका भट्टीसमोर उभे होते. म्हणाले, "वेल राहू दे."

एवढंच. ना कारण, ना माफी. मामा जो पायऱ्या उतरला तो पुन्हा चढला नाही. तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. तेव्हापासून मामाच्या घरी पाव दुसऱ्या गल्लीतून येतो असं मामा समजायचा; तिथला पाव म्हणजे दगड. खरं तर यायचा काकांकडूनच. मामी गुपचूप आणायची आणि वाटेत पिशवी बदलायची. मामा मऊ पाव खात म्हणायचा, "बघ, याला म्हणतात पाव. नाहीतर तो बेइमान!" मामी खाली मान घालून चहा ओतायची.

तर, गेल्या महिन्यात मामीनं बातमी आणली. बेकरी विकली. काकाकाकू लांब, काकूंच्या बहिणीच्या गावी राहायला चालले. पुढच्या आठवड्यात टेम्पो येणार.

दुसऱ्या दिवशी मामानं दुकानात येऊन स्टूल माझ्या टेबलाजवळ ओढलं आणि सुरू झाला.

"मला एक सांग. तू ते बंद करून देतेस, तेव्हा जाहिरात जाते कुठे?"

"कुठे जात नाही. येतच नाही."

"म्हणजे व्हिडिओवाल्याला वाटतं आपण बघितली?"

"नाही. त्याला कळतं, बघितली नाही म्हणून. त्याचे पैसे बुडतात."

"मग ती चोरी नाही का?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "मामा, परवा ते निवृत्त मास्तर आले होते ना, त्यांच्या फोनवर दर मिनिटाला जुगार. त्यांच्या नातीच्या फोनवर तर काय काय येतं ते तुला सांगताही येणार नाही. आणि या जाहिराती नुसत्या बसून नसतात, माणसाच्या मागे मागे हिंडतात. तू काय बघितलंस, कुठे गेलास, सगळं टिपून घेतात."

मामा विचारात पडला. "माझी भिंत कधी कुणाच्या मागे घरी गेली नाही," तो म्हणाला. "हे खरं आहे तुझं."

"मग?"

"पण त्या व्हिडिओवाल्याचं काय? त्यानं काय खायचं?"

मी फोनदुरुस्ती शिकले तीच मुळी एका माणसाचे व्हिडिओ बघून. तो आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून शिकवायचा. त्याच्या व्हिडिओंना मी जाहिराती चालू ठेवते, गुरुदक्षिणा म्हणून. मामाला हे सांगितल्यावर त्यानं मांडीवर थाप मारली.

"म्हणजे तुलाही कळतं! रस्त्यानं जाणाऱ्यानं मान फिरवली तर तो त्याचा हक्क. त्यानं कुठं शब्द दिलाय? मी कधीच कुणाला, बघ रे माझी भिंत, असं म्हटलं नाही. पण घर रंगवून घ्यायचं, आणि वर वेल सोडायची, ही बेइमानी. होय की नाही?"

आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा फोनचं बोलतच नव्हता. टेम्पो यायच्या आत त्याला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं की तू बरोबर होतास. दोस्त निघालाय, आणि हा इथे बसून खटला चालवतोय! वाईटही वाटलं आणि रागही आला.

"काकांनी वेल का लावली?" मी विचारलं.

"का म्हणजे? लावली."

"अरे पण का?"

"नको झाली असेल भिंत."

"तू विचारलंस कधी?"

मामा माझ्याकडे बघत राहिला. मग स्टूल सरकवून उठला आणि चपला घालून निघून गेला. एवढ्या वर्षांत जाहिरातीतल्या बाईच्या हातातला डबा उलटा आहे हे बघणारा माणूस, त्याला हा एवढा प्रश्न सुचला नव्हता.

टेम्पो यायचा होता त्या सकाळी एक गिऱ्हाईक दुकानात शिरलं आणि फोन माझ्यासमोर धरला. "हे बघितलं का? बेकरीवर काय सापडलंय!" नव्या मालकाच्या माणसांनी वेल उपटली होती. फोटोत बाळ होतं. मामा स्टुलावरच होता. त्यानं फोटो बघितला आणि माझा हात धरून जवळजवळ पळायलाच लागला.

चौकात गर्दी होती. मामाच्या बाकीच्या भिंती उन्हानं कधीच्या खाऊन टाकल्यात, काही पडल्या, काहींवर फ्लेक्स लागले. त्याच्या हातची एकही धड भिंत गावात उरलेली नाही. आणि ही? सावलीत राहिल्यामुळे काल रंगवल्यासारखी. गुलाबी गाल, ओले ओठ, दोन दुधाचे दात. पोरं-बाळं, म्हातारी माणसं, सगळी फोटो काढत होती. मी ते बाळ लहानपणी बघितलं असणार, पण आठवत नव्हतं. बाई गं, काय डोळे होते! मी मामाकडे बघितलं तर हा रडत होता आणि हसत होता. राग, शब्द, बेइमानी, सगळं वाहून गेलं. तो धडाधड पायऱ्या चढला.

"अरे ए! बाहेर ये! वहिनींना पण बोलाव! आपलं बाळ बघ, जसंच्या तसं आहे!"

काका बाहेर आले. केस पार पांढरे, अंगावर तोच पिठाचा एप्रन. त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "ओरडू नकोस. तिला बाहेर बोलावू नकोस. टेम्पो मागच्या दाराला लावायला सांगितलाय मी."

"का रे?"

अखेर विचारलं एकदाचं!

काकांनी त्याला बाजूला घेतलं. मी मामाच्या मागेच होते, मला सगळं ऐकू आलं.

"आम्हाला मूल झालं नाही, हे तुला माहीत आहे," काका म्हणाले. "त्या वेळी तिची औषधं चालू होती. पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण बाळाकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, काय, असं गुटगुटीत कधी येणार घरात? रोज. सकाळ-संध्याकाळ. मग ती पुढच्या दारानं बाहेर पडेनाशी झाली. मागून, पिठाच्या पोत्यांमधून जायची. मला एका शब्दानं बोलली नाही. मी आपली वेल आणून लावली."

"मग मला सांगायचंस ना, गाढवा! मी पुसलं असतं!"

काकांनी एप्रनला हात पुसले.

"पहिला तूच म्हणाला होतास," ते म्हणाले. "परांचीवरून. ती तुला चहा द्यायला आली होती. ‘वहिनी, आता अस्साच एक येऊ दे घरात.’ तू इतका खुशीत होतास. आमच्यासाठीच काढलं होतंस ना ते. तुला काय सांगणार? म्हटलं, बेइमान म्हणतोय तर म्हणू दे."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण दुसऱ्यांना म्हणतो. मामाचा चेहरा बघवेना. तो पायरीवर बसला. मग एकदम उठला आणि मला म्हणाला, "पांढरा रंग आण. मोठा डबा. पळ." मी काही न विचारता पळाले. शिडी समोरच्या दुकानातून मिळाली.

मामानं सुरुवात हसण्यापासूनच केली. लोक ओरडले, अहो काय करताय, फोटो तरी काढू द्या, एवढं सुंदर चित्र! नव्या मालकाचा माणूस म्हणाला, आम्ही ठेवणार होतो हे. मामानं मागे वळून बघितलं नाही. गाल गेले, दात गेले. डोळ्यांपाशी त्याचा हात क्षणभर थांबला, मग तेही गेले. त्यानं काकांना सांगितलं, "आता टेम्पो पुढे लाव. वहिनी पुढच्या दारानं जातील."

काकू पुढच्या दारानं आल्या. छोट्याशा, वाकलेल्या, हातात एक कापडी पिशवी. भिंतीसमोर थांबल्या.

"सांभाळून वहिनी," मामा शिडीवरून म्हणाला, "रंग ओला आहे."

काकू त्या पांढऱ्या भिंतीकडे खूप वेळ बघत राहिल्या.

"पुसलंत होय, भावजी," त्या म्हणाल्या. "मी शेवटचं बघायला आले होते."

मामाच्या हातातल्या ब्रशातून रंग टपटपत होता.

"लोकांचं बोलणं ऐकवायचं नाही हो मला. बाळानं काय केलं होतं? वेल लागल्यावर कुणी बोलेनासं झालं. मग कधीतरी, रस्त्यावर कुणी नसताना, मी पानं बाजूला करून बघायचे त्याला. फार गोड काढलं होतंत."

मामा शिडीवरून उतरला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. "मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "आत्तासुद्धा विचारलं नाही."

"असू दे. भिंत काय सोबत नेता येणार होती?" काकूंनी पिशवीतून पावाची लादी काढून त्याच्या हातात दिली. "शेवटच्या भट्टीचा आहे. आणि घरी बायकोला म्हणावं, आता पिशवी बदलायची गरज नाही."

मामाला ते कळायलाही थोडा वेळ लागला. मग काका आधी हसले, त्यांच्यामागून मामा, आणि दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. टेम्पो गेला. मामा रंगानं माखलेल्या हातांनी कोरडा पाव तिथेच उभ्या उभ्या खात राहिला.

माझी पाटी अजून तशीच आहे आणि धंदाही चालू आहे. फक्त आता फोन हातात घेतला की मी आधी विचारते, नेमकं काय बघवत नाही तुम्हाला? लोक सांगतात. तुम्हाला वाटेल त्याहून कितीतरी जास्त सांगतात.

परवा मामाकडे गेले होते. आम्ही फोन तांब्याला टेकवून काहीतरी बघत होतो आणि मध्येच तो संडास धुणारा आला. मामीचा हात बटणाकडे गेला. मामाचाही हात उठला, पण मनगटापर्यंत पोचला नाही.

"का गं?" त्यानं विचारलं. "नको वाटते का ही?"

मामी गांगरली. माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"तो ओरडतो हो," ती म्हणाली. "माझे वडील असेच ओरडायचे. आईवर."

मामा तिच्याकडे बघत राहिला. समोर तो माणूस ओरडतच होता. मग मामानंच बोट पुढे केलं आणि बटण दाबलं.